माळ्यावरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घरी चालू करायचाय? मग प्लग लावण्याआधी हे वाचा

खानदेशात धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर उतरवून स्लॅबचं बांधायला घेतलं की माळ्यावरून पितळी भांडी निघतात आणि त्यांच्यामागे एखादा जुना टीव्ही निघतो. भांड्यांची वाटणी होते. टीव्ही ओट्यावर येतो, भोवती पोरं जमतात आणि कोणीतरी म्हणतं, "लावून तर बघू."

नका लावू. वीस-पंचवीस वर्षं बंद पडलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सुकलेले असतात. त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर वापराविना कमकुवत होतो. एकदम २३० व्होल्ट मिळाले की कंडेन्सर शॉर्ट होतो, तापून फुटतो आणि जाताना रेक्टिफायर, ट्रान्सफॉर्मर असं बरंच काही घेऊन जातो. दुरुस्त होऊ शकला असता असा सेट अर्ध्या मिनिटात भंगारात जमा होतो.

मी इलेक्ट्रॉनिक्स कॉलेजात शिकलेलो नाही. तालुक्याच्या गावांतले जुने मेकॅनिक, जे आता मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात, त्यांच्या टेबलाशी बसून विचारत विचारत शिकलो. त्यांच्यातले एक आबा कुठल्याही सेटवर हात ठेवून अहिराणीत म्हणायचे, "हाऊ मरेल नही, झोपेल शे." म्हणजे हा मेलेला नाही, झोपलाय. ते बहुतेक वेळा खरं निघायचं, फक्त उठवायची रीत ठाऊक हवी.

आधी ओळखा: सेट कोणता आहे?

१९८४ साली देशभर कमी शक्तीच्या प्रक्षेपण केंद्रांचा धडाका लागला आणि टीव्ही लहान शहरांपर्यंत पोचला. त्यामुळे आपल्याकडच्या माळ्यांवर सापडणारे बहुतेक सेट त्या काळातले किंवा नंतरचे, म्हणजे ट्रान्झिस्टर-आयसीवाले असतात. नवशिक्यासाठी हे चांगलंच आहे.

१४ इंची पोर्टेबल, मागे १२ व्होल्टची पिन असलेला सेट मिळाला असेल तर तुम्ही नशीबवान. लोडशेडिंगच्या काळात ट्रॅक्टरची बॅटरी खळ्यात आणून त्यावर मालिका आणि क्रिकेट बघितलं जायचं, तो हा सेट. शिकायला याच्याइतका सोपा दुसरा नाही. २० इंची, लाकडी शटरचा सेट दिसायला देखणा, पण त्यात बऱ्याचदा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि मग सगळी चॅसिस (आतला सांगाडा आणि बोर्ड) लाइव्ह असते, म्हणजे तिच्यात थेट लाइनचा करंट असतो. तो दुसऱ्या खेपेला घ्या. काचेचे व्हॉल्व्ह असलेला सेट आणि रंगीत टीव्ही यांच्यावर पहिला हात अजिबात मारू नका. रंगीत सेटमध्ये पिक्चर ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो.

आणि हो, जुन्या टीव्हीत 'लाल पारा' असतो, तो लाखोंना विकला जातो, ही अफवा अधूनमधून गावात फिरते. असलं काही नसतं. त्यापायी ट्यूब फोडू नका, फोडूही देऊ नका.

जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी

पिक्चर ट्यूब प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवते, कधी कित्येक दिवस. १४ इंची सेटमध्ये हा दाब १० ते १२ हजार व्होल्ट असतो, २० इंचीत त्याहून जास्त. एकटा हा झटका जीव घेईलच असं नाही, पण हात झटक्याने मागे येतो आणि ट्यूबच्या मानेवर आदळतो. तिथून दुसरा धोका सुरू होतो. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी आहे. मान तुटली तर निदान ट्यूब मेली, आणि मोठी काच फुटली तर ती आत दबून तुकडे बाहेर उडतात. ट्यूब कधीही मानेला धरून उचलू नका. मागचं झाकण उघडं असताना चष्मा घाला आणि पोरांना लांब ठेवा.

तिसरी गोष्ट लाइव्ह चॅसिसची. आत लोखंडी पत्र्यांचा जड ट्रान्सफॉर्मर दिसला नाही, तर चॅसिसला हात लावणं म्हणजे फेजला हात लावणं, असंच समजा. अशा सेटसाठी १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्ट तेवढेच ठेवून सेटला लाइनपासून वेगळा करणारा) लागतो. खाली सिरीज बल्बबद्दल (सेटच्या वायरीत मध्ये जोडलेल्या बल्बबद्दल) सांगितलंय. त्याने सेट वाचतो, माणूस वाचत नाही. ही गल्लत फार लोक करतात.

काय काय लागेल

- मल्टिमीटर, साधा डिजिटल चालेल
- २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, फ्लक्स, डिसोल्डर पंप
- लांब दांड्याचा, जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आणि मगरचिमटे लावलेली वायर
- सिरीज बोर्ड आणि फिलामेंटचा बल्ब, ६० आणि १०० वॅटचा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, काँटॅक्ट क्लीनर, रंगाचा मऊ ब्रश, हवेचा ब्लोअर, मास्क
- १०५ डिग्रीचे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर
- एव्ही ते आरएफ मॉड्युलेटर (का, ते पायरी ७ मध्ये)
- छोटा आरसा

कागदपत्रांमध्ये सर्वांत मोलाचा सर्किट डायग्राम. वॉरंटी कार्डाच्या पिशवीत, मागच्या झाकणाच्या आत किंवा घरातल्या जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यात तो असतो. त्याच गठ्ठ्यात पोस्टातून काढलेलं टीव्ही लायसन्सचं पुस्तकही सापडू शकतं. दुरुस्तीला त्याचा उपयोग शून्य, पण फेकू नका.

सुटे भाग जळगावच्या गोलाणी मार्केटात विचारा. तिथे नाही मिळालं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. माझं मत विचाराल तर त्याही आधी भंगारवाल्याकडे जा आणि त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला सेट वजनावर घेऊन या. एलओटी (ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर), ट्यूनर, बटणं, ट्यूबचा बेस, जे दुकानात मिळणार नाही ते सगळं त्यात असतं.

पायरी १: पिक्चर ट्यूब जिवंत आहे का?

बाकी सगळं बदलता येतं, ट्यूब नाही. नवी ब्लॅक अँड व्हाइट ट्यूब दुकानात मागू नका, ती दुसऱ्या सेटमधूनच काढावी लागते. म्हणून पैसे आणि वेळ घालण्याआधी ट्यूबचा निकाल लावा.

झाकण उघडून (प्लग काढलेला, ट्यूब डिस्चार्ज केलेली, पुढची पायरी बघा) मान तपासा. तडा नको, टोकाची काचेची निपल तुटलेली नको, आत पांढरी भुकटी बसलेली नको. पांढरी भुकटी म्हणजे आत हवा शिरली. मग मागचा बेस हळूच सरळ ओढून काढा आणि हीटरच्या (मानेतल्या तापणाऱ्या तारेच्या) दोन पिनांमध्ये मीटर लावा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत आहे. मीटर ढिम्म असेल तर पिना साफ करून पुन्हा बघा. तरीही काही नसेल तर ती ट्यूब गेली. शाबूत हीटर म्हणजे चांगली ट्यूब असं मात्र नाही, ते चालू केल्यावरच कळतं.

मेलेली ट्यूब भंगारवाल्याला अख्खी द्या, ई-कचरा घेणाऱ्याला दिली तर उत्तम. तिच्या काचेत शिसं असू शकतं. उकिरड्यावर दगड मारून फोडायची ती वस्तू नाही.

पायरी २: डिस्चार्ज

ट्यूबच्या पाठीवरून एक उघडी, विणलेली तार गेलेली दिसेल. मगरचिमट्याचं एक टोक त्या तारेला, दुसरं स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला. एक हात खिशात किंवा पाठीमागे. दुसऱ्या हाताने फक्त मूठ धरून, ट्यूबवरच्या जाड रबरी टोपीखाली टोक सरकवा, आतल्या धातूला लागेपर्यंत. चट् असा आवाज येईल किंवा येणार नाही. पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा करा, कारण काच थोडा चार्ज परत देते.

वायर चॅसिसला लावून डिस्चार्ज करू नका. ती ठिणगी आयसीमधून वाट काढते.

मेन्सवर चालणाऱ्या सेटमधला मोठा फिल्टर कंडेन्सरही ३०० व्होल्टच्या आसपास धरून बसलेला असू शकतो. मीटरने मोजा, व्होल्टेज असेल तर १०० वॅटच्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या पिनांना टेकवून उतरवा.

पायरी ३: फोटो काढा, मग सफाई

एकही वायर सोडवायच्या आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कनेक्टर कुठला कुठे, योकची (ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या तांब्याच्या कॉइलची) वायर कुठल्या बाजूने, सगळं.

आपल्याकडे सेटमध्ये साधी धूळ नसते. धाब्यावरची खारी माती वर्षानुवर्षं झडून आत साठलेली असते, जिनिंगजवळच्या गावात तिच्यावर कापसाचा थर, शिवाय पालीची अंडी, झुरळं, उंदराचं घरटं. खारी माती पावसाळ्यात ओल धरते आणि एलओटीभोवती तिच्यातून ठिणग्या पडतात. म्हणून ही पायरी उरकायची नाही. सेट अंगणात आणा, मास्क बांधा, ब्रशने सैल करा, ब्लोअरने उडवा. ब्लोअरचं तोंड ट्यूबच्या मानेवर धरू नका. उंदराच्या मुताने बोर्डावर हिरवट थर आला असेल तर अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा, खालचा तांब्याचा ट्रॅक खाल्लेला असेल तर वायरचा तुकडा जोडून घ्या. पेट्रोल, थिनर, रॉकेल नको; प्लॅस्टिक विरघळतं आणि वास राहिलेल्या सेटला वीज देणं हा वेडेपणा आहे.

पायरी ४: ड्राय सोल्डर

बोर्ड उलटा करून उजेडात धरा. एलओटीच्या पिना, आऊटपुट ट्रान्झिस्टर, मोठी रेझिस्टन्स, योक आणि ट्यूब-बेसचे कनेक्टर यांच्या सोल्डरच्या टाक्यांभोवती बारीक गोल चीर दिसते का बघा. तापून थंड होणाऱ्या जागी सोल्डर सुटतंच. जुनं ओढून काढा, नवं भरा. कितीतरी 'मेलेले' सेट एवढ्यावर बोलायला लागतात.

पायरी ५: कंडेन्सर

आधी पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर बदला. मग एलओटी आणि हीटसिंकजवळचे छोटे. जळगाव-भुसावळचा ४५ डिग्रीचा मे महिना आणि आतली उष्णता मिळून गरम भागाशेजारचा कंडेन्सर हमखास सुकवतात, तिथे मीटर लावत बसू नका, बदलूनच टाका.

मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. नव्या कंडेन्सरच्या अंगावर पट्टी मायनसची असते, जुन्या बोर्डावर खूण बऱ्याचदा प्लसची. इथे घाई केली की नवा कंडेन्सर उलटा बसतो आणि फुटतो. सगळे एका बैठकीत बदलू नका. दोन-तीन बदला, टाके तपासा, पुढे चला. नाहीतर नवीन बिघाड आला तर तो जुना की तुम्ही केलेला, हे कळत नाही.

एक सक्त ताकीद: छोट्या पत्र्याच्या डब्यांमधले रंगीत कोअर, म्हणजे सिग्नल जुळवणाऱ्या आयएफटी, फिरवू नका. "जरा फिरवून बघितलं" म्हणणाऱ्याने बिघडवलेला सेट पुन्हा जुळवायला सिग्नल जनरेटर लागतो, आणि तो आता फारच थोड्या दुकानांत उरलाय.

पायरी ६: पहिला करंट

१२ व्होल्टचा सेट असेल तर मेन्सकडे जाऊच नका. १२ व्होल्टची बॅटरी घ्या, प्लसच्या वायरमध्ये २ अँपिअरचा फ्यूज घाला, प्लस-मायनस दोनदा तपासा. बॅटरी उलटी लागणं हा या सेटच्या मृत्यूचा सर्वांत जुना प्रकार आहे.

मेन्सचा सेट सिरीज बल्बमधून लावा. १४ इंचीला ६० वॅट, २० इंचीला १०० वॅट. बल्ब फिलामेंटचाच हवा. एलईडी बल्ब लावून "सिरीज केली" म्हणणारे भेटतात. त्याने काहीच होत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा आणि रेक्टिफायर डायोड, फिल्टर, आऊटपुट ट्रान्झिस्टर मोजा. छोट्या सेटमध्ये हा ट्रान्झिस्टर बहुधा बीयू ४०७ असतो, २० इंचीत बीयू २०५.

ब्राइटनेस कमी ठेवून चालू करा. मानेत हीटरचा केशरी उजेड दिसला पाहिजे, स्पीकरमधून खस्स्स आलं पाहिजे, आणि काचेजवळ हाताचा मागचा भाग नेला की केस उभे राहिले पाहिजेत. कान तरुण असतील तर बारीक शिट्टीही ऐकू येईल. ती १५,६२५ हर्ट्झची, हॉरिझॉन्टल (आडव्या रेघा काढणारा) विभाग चालल्याची खूण. पडद्यावर मुंग्या दिसल्या तर टाळ्या वाजवायला हरकत नाही.

नाही दिसल्या तर पडदाच बिघाड सांगतो:

- आवाज आहे, पडदा काळा, हीटरही नाही: ट्यूबचा बेस, तिथले टाके.
- हीटर आहे, पण केस उभे राहत नाहीत: हॉरिझॉन्टल आऊटपुट ट्रान्झिस्टर किंवा एलओटी. एलओटी जळाल्याचा वास आणि फुगलेलं अंग ओळखू येतं.
- मधोमध एक आडवी पांढरी रेघ: व्हर्टिकल सेक्शन (चित्र वर-खाली पसरवणारा भाग) बंद. ब्राइटनेस तातडीने कमी करा, नाहीतर रेघेचा डाग कायमचा भाजतो.
- मधोमध उभी रेघ: योकच्या हॉरिझॉन्टल कॉइलची वायर, कनेक्टर किंवा तिच्या सिरीजमधला कंडेन्सर.
- काळा जाड पट्टा वर सरकतो, कडा वळवळतात: फिल्टर कंडेन्सर राहिलाय.
- चित्र वरून-खालून आखडलंय: व्हर्टिकलचे छोटे कंडेन्सर.
- चित्र पाच-दहा मिनिटांनी उगवतं, पांढरा भाग चंदेरी दिसतो: ट्यूब थकलीय.

थकलेल्या ट्यूबला हीटरचं व्होल्टेज वाढवून 'बूस्ट' करून देणारे मेकॅनिक आहेत. काही महिने चित्र लख्ख येतं, मग ट्यूब कायमची जाते. मी तरी मंद चित्र पत्करतो.

पायरी ७: चित्र आणायचं कुठून?

इथे सर्वांत जास्त लोक फसतात. सेट ठणठणीत असतो, छतावर जुना अँटेना उभा करतात, मुंग्यांशिवाय काही येत नाही आणि सेट बिघडलाय म्हणून पुन्हा उघडतात. अँटेनावर येणारं दूरदर्शनचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत मोजकी ठिकाणं सोडून बंद झालं. हवेत काही नाहीच, तर येणार कुठून?

म्हणून डीडी फ्री डिशच्या बॉक्समधून पिवळी-पांढरी एव्ही वायर काढा, ती आरएफ मॉड्युलेटरला (एव्हीचं अँटेनाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या डबीला) द्या, आणि मॉड्युलेटरची वायर टीव्हीच्या अँटेनाला. एव्ही नसलेल्या नव्या बॉक्सला मध्ये एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर लागेल.

मॉड्युलेटर घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा. जुन्या खटखट ट्यूनरवर २ ते १२ एवढेच आकडे असतात, ते व्हीएचएफ. फक्त यूएचएफवर चालणारा मॉड्युलेटर त्याला दिसणारच नाही. आवाजाचं अंतर ५.५ मेगाहर्ट्झ हवं, नाहीतर चित्र येतं आणि आवाज नुसता फुसफुसतो. कन्व्हर्टरवर पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत) आणि एनटीएससीचा खटका असतो, तो पालवर ठेवा. उलट ठेवला तर चित्र वर-खाली गरगरतं आणि तुम्ही उगाच व्हर्टिकल होल्ड पिळत बसता. सेटच्या मागे चपट्या वायरीचे दोन स्क्रू असतील तर गोल केबलसाठी छोटा बॅलन (balun) ट्रान्सफॉर्मर लावा.

काही जण बोर्डावर थेट व्हिडिओची पिन सोल्डर करतात. १२ व्होल्टच्या सेटमध्ये, सर्किट कळत असेल तर, करा. लाइव्ह चॅसिसच्या सेटमध्ये मुळीच नाही. डिशचा बॉक्स, केबल, छतावरची छत्री सगळ्यांत करंट उतरेल.

खटखट ट्यूनर आणि व्हॉल्यूम खरखरत असतील तर काँटॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून वीस-तीस वेळा फिरवा.

पायरी ८: चित्र सरळ करणं

समोर आरसा ठेवा म्हणजे मागे हात असताना पुढचं दिसेल. चित्र तिरकं असेल तर योकचा स्क्रू सैल करून तो किंचित फिरवा, एका बाजूला सरकलं असेल तर योकमागच्या दोन चुंबकी चकत्या फिरवा. सेट चालू असताना योकच्या तांब्याला बोट लावू नका. हाइट आणि लिनिॲरिटीचे प्रिसेट (बोर्डावरची फिरवायची छोटी बटणं) प्लॅस्टिकच्या पेचकसाने, आळीपाळीने. बातम्यांतला गोल लोगो गोल दिसला की थांबा.

पायरी ९: कॅबिनेट, सर्वांत शेवटी

प्लॅस्टिकचं असेल तर सगळं काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा, आपल्या उन्हात ते वाकतं. अक्षरांवर थिनर लावला की कंपनीचं नाव गायब होतं.

लाकडी शटर अडकतं ते बहुधा पट्ट्यांमागचं कापड कुजल्यामुळे. पट्ट्या क्रमाने जमिनीवर मांडा, मागून मांजरपाट फेव्हिकॉलने चिकटवा, रात्रभर वजन ठेवा. खाचेत मेणबत्ती घासली की शटर सरकतं. वाळवी असेल तर आधी औषध, मग पॉलिश. लाखेचं स्पिरिट पॉलिश जुन्या रंगाशी जुळतं, चकचकीत व्हार्निश जुळत नाही. आतलं सगळं काढून त्यात मासे सोडणाऱ्यांशी माझं जमत नाही, एवढंच म्हणतो.

झाकण लावल्यावर पहिले काही तास सेट एकटा सोडू नका, वास घेत राहा. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. खेड्यातल्या वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजवर स्टॅबिलायझर लावा. उन्हाळ्यात पत्र्याखाली भर दुपारी चालवू नका, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा म्हणजे ओल निघून जाते, आणि वीज कडाडायला लागली की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. कोणते भाग बदलले, मॉड्युलेटर कुठल्या चॅनलवर आहे आणि चॅसिस लाइव्ह आहे की नाही, हे जाड अक्षरांत लिहून कागद झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी झाकण कदाचित दुसरंच कोणी उघडेल.